भगंदर: शस्त्रक्रियेआधीचा एमआरआय

मिरजेच्या दवाखान्यांत जत, कवठेमहांकाळपासून सीमेपलीकडच्या अथणीपर्यंतचे रुग्ण येतात आणि त्यांतले काही जण अडखळत 'मूळव्याध आहे' एवढेच सांगतात. तपासणीत मात्र गुदद्वाराशेजारी बारीक फोड आढळतो. तो फुटून पू जातो, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा ठणका लागतो. हे भगंदर असते. संकोचापायी अनेक जण ते वर्षानुवर्षे अंगावर काढतात. बायकांची कुचंबणा तर त्याहून मोठी.

बाहेर दिसते ते केवळ एक तोंड. बहुधा गुदमार्गाच्या आतील ग्रंथीत जंतुसंसर्ग होऊन गळू होते आणि तिथून त्वचेपर्यंत वाट तयार होते. मलावर ताबा ठेवणाऱ्या दोन स्नायूंच्या मधून ती उतरते, बाहेरचा स्नायू भेदून जाते की त्याला वरून वळसा घालते, यावर शस्त्रक्रियेचे सारे गणित अवलंबून असते. स्नायू जास्त कापला गेला तर ताबा जाण्याची भीती असते आणि एखादी शाखा आत राहिली तर दुखणे पुन्हा उलटते.

ही वाट कशी गेली आहे, हे शस्त्रक्रियेआधी एमआरआयमध्ये, म्हणजे चुंबकाच्या साह्याने शरीराच्या आतील प्रतिमा घेणाऱ्या तपासणीत, पाहता येते. ती करताना तंत्रज्ञ प्रथम गुदमार्गाचा तिरकस कल पाहतो आणि त्याला काटकोनात व समांतर अशा प्रतिमा घेतो, कारण साध्या आडव्या छेदात वाट आणि स्नायू यांचे नाते फसवे दिसते. चरबीचा उजळपणा दाबलेल्या प्रतिमेत पुवाने भरलेली वाट पांढरी उठून दिसते, तर जुना व्रण काळसर राहतो. अहवालात जागा घड्याळाप्रमाणे लिहितात: उताण्या रुग्णाची पुढची बाजू १२, पाठीकडची ६.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुन्हा उद्भवलेल्या भगंदराचे ७१ रुग्ण होते. शस्त्रक्रियेतील निष्कर्ष एमआरआयशी जुळले, त्यांच्यापैकी १३ टक्क्यांना दुखणे पुन्हा झाले. जुळले नाहीत, त्यांच्यात हेच प्रमाण ५२ टक्के होते. एकदा उलटलेल्या भगंदराचा रुग्ण तरी ही तपासणी केल्याशिवाय टेबलावर घेऊ नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

आतील तोंड ६ वाजता आणि पू घोड्याच्या नालेसारखा दोन्ही बाजूंना पसरलेला, असा अहवाल आला की सर्जन एकाच बैठकीत सारे उघडण्याचा बेत सोडतात, पू काढून वाटेत सेटॉन, म्हणजे पू वाहता ठेवणारा दोरा, ओवतात आणि उपचार टप्प्याटप्प्याने होतील, हे नातेवाइकांना आधीच सांगतात.