नाक, कवटी आणि वही

मित्रहो, नाशिककरांपुढे नाकाविषयी बोलायचं म्हणजे धाडसच. शूर्पणखेचं नाक कापलं ते तुमच्याच पंचवटीत! (हशा) पत्रिकेवरचा विषय ‘बुद्ध्यंकाचा वाद’ आहे, म्हणजे माणसाचा आयक्यू आनुवंशिक की परिस्थितीनं घडलेला, ठाऊक आहे मला. तिकडेच निघालोय.

हर्बर्ट रिस्ली, ब्रिटिश अधिकारी, भारतातल्या 1901च्या जनगणनेचा आयुक्त. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. आकडा जितका लहान तितकी जात वरची, असा याचा सिद्धान्त. समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी 1932 साली त्याच मापांवरून दाखवलं की बऱ्याच प्रांतांत हे गणित जुळतच नाही. आणि 1930 साली तुमच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह उभारणाऱ्या बाबासाहेबांनी 1948 साली नाकांचे आकडे मांडूनच म्हटलं की, ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. मोजणाऱ्यांना त्यांच्याच मोजपट्टीनं उत्तर!

घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावतीबाई कर्वे पुढे बर्लिनला गेल्या. गाईड ऑयगेन फिशर. ह्याचं वंशशास्त्र नंतर नाझींच्या कामी आलं. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून युरोपीय माणूस सरस ठरेल, ही त्याची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या, वंशागणिक तसा फरक दिसला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. गाईडला नको असलेला निष्कर्ष लिहायला काय लागतं, ते शेजारी एखादा पीएच.डी.वाला बसला असेल तर त्याला विचारा.

आमच्याकडे तर शीर्षकालाच घाम फुटतो. एका महाविद्यालयाच्या चर्चासत्रासाठी मी ‘जात आणि मोजमाप’ असा निबंध पाठवला. समन्वयकांचा फोन. “सर, ‘जात’ तेवढं काढा, उद्घाटनाला मान्यवर आहेत.” काढलं. पुन्हा फोन. “नुसतं ‘मोजमाप’ म्हणजे कुणाचं, असं विचारतात हो!” शेवटी ‘सामाजिक वास्तव : एक चिंतन’ छापून आलं. त्यावर कुणाचीच हरकत नव्हती, कारण त्यात काहीच नव्हतं. निबंध जेवणानंतरच्या सत्रात. अर्धं सभागृह पेंगत होतं, उरलेलं प्रमाणपत्राच्या रांगेत. आक्षेप घ्यायला तरी कुणी जागं हवं ना! विरोध परवडला. विरोधक निदान आकडे तरी वाचतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाचच मिनिटं. बरं.

तर सिरिल बर्ट, बुद्धी मुख्यतः आनुवंशिक मानणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे बुद्ध्यंक. 1955 साली 21 जोड्या, सहसंबंध (म्हणजे दोघांचे आकडे किती जुळतात ते; पूर्ण जुळले तर 1) 0.771. 1966 साली 53 जोड्या, सहसंबंध पुन्हा 0.771! जोड्या वाढल्या तरी तिसऱ्या दशांशापर्यंत तोच. 1974 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन कामिन यांनी हे चव्हाट्यावर आणलं. तोवर बर्ट गेले होते आणि त्यांचे कागद जाळले गेले होते. पुढे काहींनी त्यांची बाजूही घेतली, पण पडताळायचं कशावरून?

आता खरी अडचण. 1990 साली अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जुळ्यांच्या अभ्यासातही बुद्ध्यंकांतल्या फरकाचा आनुवंशिक वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपासच आला. म्हणजे बर्ट सुटले का? नाही. उत्तर जुळलं तरी वही दाखवावीच लागते. आणि वही दाखवणाऱ्याला, निष्कर्ष आवडला नाही म्हणून, बोलूच न देणं हाही त्याच जातीचा गुन्हा.

गोऱ्या आणि काळ्या अमेरिकनांच्या बुद्ध्यंकांतला फरक बराचसा आनुवंशिक असावा, असं सुचवणारा आर्थर जेन्सन यांचा 1969चा लेख राहिलाच. त्यावरचं उत्तर एका वाक्यात सांगतो : एका गटातल्या माणसामाणसांतला फरक आनुवंशिक असला, तरी दोन गटांमधला फरक आनुवंशिक आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. सारा गोंधळ इथं होतो आणि ह्यावरच मला तासभर बोलायचं होतं. अध्यक्ष उठलेत. प्रश्न असतील त्यांनी खाली भेटा.