बेंडर स्वस्त चालेल, खाच नेमकी हवी

(नाशिक येथील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, पाइप बेंडर, म्हणजे पाइप आणि ट्यूब वाकवायचं यंत्र, घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बारा टनी देऊ की सोळा टनी? घरी काम करणारा माणूस साहजिकच मोठ्या आकड्याकडे झुकतो. आपण आधी हा टनांचा हिशेब करून टाकू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

एक इंची, १६ गेजची गोल ट्यूब घ्या. बाहेरचा व्यास २५.४ मिमी, जाडी १.६ मिमी. पोलादाची यील्ड ताकद (ज्या ताणाला ते कायमचं वाकू लागतं) ३०० मेगापास्कल धरली तर ती कायमची वाकायला सुमारे २७० न्यूटन-मीटर इतका मोमेंट (जोर गुणिले अंतर) लागतो. ट्यूब ज्या दोन रोलरवर टेकते त्यांच्यामधलं अंतर ४०० मिमी असेल, तर मधोमध जॅकने लावायचा जोर येतो २,७०० न्यूटन, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास. वाकताना पोलाद कडक होत जातं, घर्षणही असतं, म्हणून दुप्पट करा. तरी साडेपाचशे किलोच झाले. तुमचा बारा टनी जॅक त्याच्या वीसपट जोर देऊ शकतो. बरं, दोन इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) पाइप ६०० मिमी अंतरावर ठेवून हाच हिशेब केला तरी अडीच टनांच्या आत बसतो, दुप्पट केला तर पाच टन.

म्हणजे ताकद कधीच कमी पडत नाही. उलट ती इतकी जास्त असते की ट्यूब चपटी होतेय हे दांडा मारणाऱ्या हाताला कळतही नाही. घरगुती कामातले बहुतेक बेंड बिघडतात ते फॉर्मरच्या, म्हणजे जॅकच्या टोकावर बसून ट्यूब दाबणाऱ्या गोलसर ठोकळ्याच्या, खाचेत ट्यूब सैल बसते म्हणून.

असं का होतं ते पाहू. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मध्यरेषेची त्रिज्या ७५ मिमी असेल तर एक इंची ट्यूबची बाहेरची बाजू १७ टक्के ताणली जाते. हे ताणलेलं पोलाद जवळचा रस्ता शोधतं, म्हणजे ट्यूबच्या मध्याकडे सरकतं. तेवढी जागा व्हायला ट्यूबच्या दोन्ही कुशी बाहेर फुगाव्या लागतात. खाचेने कुशी घट्ट धरल्या तर ट्यूब गोल राहते. बाजूला एक मिलिमीटर मोकळा मिळाला की तेवढी ती फुगणार आणि वरून बसणार. आणि एकदा चपटी झाली की तिथला विरोध कमी होतो, सगळा वाक त्याच जागी गोळा होतो, आणि घडी पडते.

आता इथे बाजारातली गंमत येते. स्वस्त हायड्रॉलिक बेंडरबरोबर अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, दोन इंची असे फॉर्मर येतात. ते पाण्याच्या पाइपचे असतात, फर्निचरच्या ट्यूबचे नाहीत. पाण्याचा 'एक इंची' पाइप बाहेरून ३३.७ मिमी असतो, पाऊण इंची २६.९, अर्धा इंची २१.३. एक इंची ट्यूब मात्र बाहेरून खरंच २५.४ असते. ती एक इंची फॉर्मरमध्ये ठेवली तर आठ मिलिमीटरहून जास्त मोकळा राहतो. ती पिचकणारच, त्यात बेंडरचा काय दोष? पाऊण इंची फॉर्मरमध्येही दीड मिलिमीटर उरतो. जाड ट्यूबला मोठ्या त्रिज्येत ते कसंबसं खपतं, त्याहून पातळ १८ गेजला नाही. तेव्हा खिशात व्हर्नियर ठेवा आणि 'इंची' हा शब्द ऐकला की मापून बघा.

जाडीही तपासा. दुकानात १६ गेज म्हणून दिलेला माल बरेचदा पातळ निघतो. सूत्र सोपं आहे: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उरलेल्याला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. २५.४ आणि १.६ ला हे ०.९४ किलो येतं, म्हणजे सहा मीटरची लांबी साडेपाच किलोच्या थोडी वर. १.२ मिमी जाडीची तेवढीच लांबी ४.३ किलोच भरते. माल वजनावर मिळतो, काटा समोरच असतो.

व्यासाला जाडीने भागून येणारा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १.६ जाडीला तो १६, १.२ ला २१. व्यासाच्या तिप्पट त्रिज्येत वाकवायचं तर १६ पर्यंत चांगल्या डायवर (ज्या खाचेच्या चकतीभोवती ट्यूब वाकवतात तिच्यावर) काम निभतं. विशीच्या पुढे गेलात की त्रिज्या चौपट-पाचपट करा, नाहीतर आत मँड्रेल (ट्यूब पिचकू नये म्हणून पोकळीत घालायचा आधाराचा दांडा) लागेल, आणि मँड्रेल हा घरगुती बेंडरचा प्रांत नाही.

ज्यांच्याकडे हायड्रॉलिक बेंडर आधीच आहे त्यांना पहिला सल्ला असा: शक्य असेल तिथे कामाचं डिझाइनच पाइपच्या मापात करा. पाऊण इंची बी क्लास पाइप, २६.९ बाहेर आणि २.६ जाडी, त्याच मापाच्या फॉर्मरमध्ये छान वाकतो. वजन मीटरला १.५६ किलो, म्हणजे ट्यूबपेक्षा जड, पण फाटकाची कमान किंवा गच्चीवरचा वेलाचा मांडव करायला ते चालतं.

ट्यूबच वाकवायची असेल तर बाजूचे दोन रोलर आधी सुधारा. ट्यूबला फॉर्मरखाली जितका त्रास होतो तितकाच रोलरपाशी होतो. रोलर तिला एका रेघेत टेकतात आणि खड्डा पाडतात. उपाय स्वस्त आहे. एक इंची सी क्लास (जाड) पाइपचा दीडशे मिमी तुकडा घ्या. त्याची जाडी ४ मिमी, म्हणजे आतला व्यास २५.७. २५.४ ची ट्यूब त्यात अगदी बेतशीर बसते. आतली वेल्डची उंच रेघ कानशीने घासून काढा, तुकडा लांबीत उभा चिरून दोन पन्हाळी करा आणि एकेक रोलर व ट्यूबच्या मध्ये ठेवा. बाहेरून ती पन्हाळ ३३.७ असल्यामुळे रोलरच्या एक इंची खाचेत नीट बसते. रोलर आणि पन्हाळ यांच्यामध्ये ग्रीस लावा, ट्यूब आणि पन्हाळीमध्ये नको. पन्हाळ ट्यूबबरोबर सरकली पाहिजे.

दोन्ही रोलर एकाच क्रमांकाच्या भोकांत आहेत ना, हे प्रत्येक वेळी बघा. एक भोक चुकलं तरी फॉर्मर तिरका चालतो आणि जॅकचा दांडा वाकतो. बेंडर आडवा ठेवून वापरणार असाल तर जॅकचा पंप खालच्या अंगाला हवा, नाहीतर तो तेलाऐवजी हवा ओढतो. ट्यूबवरची वेल्डची रेघ बाजूला, म्हणजे कुशीवर ठेवा. तिथे ताण जवळजवळ नसतो. ती बाहेरच्या बाजूला आली तर तडकण्याची भीती, आतल्या बाजूला आली तर सुरकुती तिथूनच सुरू होते. आणि फॉर्मरची लांबी संपली की थांबा. त्यापुढे रेटलं की त्याच्या कडा ट्यूबमध्ये रुततात.

एवढं करूनही हे यंत्र मधोमध दाबणारं आहे. नेटका नव्वद अंशाचा बेंड हवा असेल तर गोल डायभोवती ट्यूब ओढणारा लांब दांड्याचा बेंडर घ्या किंवा करा. आमच्या मते पैसे खर्च करायची जागा हीच. मघाचे २७० न्यूटन-मीटर आठवा: सव्वा मीटरच्या दांड्याला ते बावीस-तेवीस किलो जोर पडतात, घर्षण धरून चाळीसच्या घरात. एका माणसाचं काम. एक इंची बी क्लास पाइपला मात्र त्याच्या तिप्पट-चौपट लागतं, तिथे दांडा दोन मीटरचा करा आणि दोघं लागा.

डाय सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घेता येते. त्याला सांगायची मापं अशी: ७५ मिमी त्रिज्येसाठी ३२ मिमी जाडीची एमएस (साध्या पोलादाची) चकती, बाहेरचा व्यास १५० मिमी, कडेला अर्धगोल खाच, खाचेच्या तळाचा व्यास १२४.६. खाचेची त्रिज्या १२.७ पेक्षा ०.१ मिमीच मोठी ठेवायला सांगा, 'थोडी सैल' हा शब्द तोंडातून काढू नका. समोरचा सरकता ठोकळा किमान ८० मिमी लांब, त्यालाही तशीच खाच. ट्यूब ठेवल्यावर डाय आणि ठोकळा यांच्यामध्ये कागदाएवढीच फट दिसायला हवी. ठोकळ्याच्या खाचेला ग्रीस, डायला अजिबात नको. ट्यूब डायवर सरकली की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात, म्हणून टोकाचा क्लॅम्प घट्ट हवा.

बेंडर जमिनीत पक्का करा. एम-१२ चे अँकर, काँक्रीटमध्ये किमान ७५ मिमी खोल. टाइल्सवर बसवलात तर पहिल्याच बेंडला टाइल फुटेल. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडू नयेत. पावसाळ्यात खालच्या घरात पाणी उतरलं की सोसायटीत बेंडरचाच विषय निघेल.

लांबी काढताना फार माल वाया जातो, म्हणून एक उदाहरण करून बघू. एक बाजू ४०० मिमी, दुसरी ३००, दोन्ही मध्यरेषांच्या कोपऱ्यापर्यंत मोजलेल्या, मध्ये नव्वद अंशाचा बेंड, त्रिज्या ७५. बेरीज ७०० होते, पण ट्यूब कोपरा कापून जाते. नव्वद अंशाला त्रिज्येच्या ०.४३ पट वजा करायचे, म्हणजे ३२. कापायची लांबी ६६८. बेंड सुरू होण्याची खूण टोकापासून ४०० वजा ७५, म्हणजे ३२५ वर. तिथून ११८ मिमी वाकात जातात, उरतात २२५, आणि ते ३०० वजा ७५ शी जुळतं. अशी उलट तपासणी होत नसेल तोवर करवत उचलू नका.

दांडा सोडला की ट्यूब थोडी उलगडते. साध्या पोलादाला नव्वदमागे तीन ते पाच अंश धरा, पण नवा माल आणला की ६०० मिमीच्या तुकड्यावर प्रत्यक्ष बघा, कारण लॉट बदलला की हा आकडा बदलतो. त्रिज्या मोठी केली की तो वाढतो. एकाच ट्यूबवर दोन बेंड असतील तर आधी पूर्ण लांबीत मार्करने सरळ रेघ मारा. दुसऱ्या बेंडला रेघ फिरली तर तुकडा जमिनीवर सपाट बसणार नाही, आणि ते नंतर पिळून सुधारत नाही.

वाळू भरण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. खाच नेमकी असेल तर १६ गेजला तिची गरज नाही. सैल खाचेत ती थोडी मदत करते. भरायची तर चाळून, कढईत भाजून पूर्ण कोरडी केलेली बारीक वाळू. एका मीटरला सहाशे ग्रॅमच्या आसपास बसते. एका टोकाला लाकडी खुंटी, ट्यूब उभी धरून खालपासून वर हातोडीने ठोकत वाळू बसवत जा, ती खाली जाणं थांबलं की दुसरी खुंटी ठोका. अर्धवट भरलेली वाळू काहीच करत नाही. वाळू भरलेली, दोन्ही टोकं बंद केलेली ट्यूब गॅसने तापवू नका. आत दमटपणा राहिला असेल तर वाफेने खुंटी गोळीसारखी सुटते. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप तर तापवूच नये. जस्ताचा धूर श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

गाडीला पुढे लावायच्या गार्डसाठी कुणी बेंडर घेत असेल तर आधी हे ऐका: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये चारचाकींवरच्या बुलबारविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे.

शेवटी द्राक्षबागायतदारांचं काम. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन धरायला लागणाऱ्या कमानी वरच्या दोन्ही बेंडरवर होत नाहीत, त्यांना तीन रोलरचा बेंडर लागतो. समजा कमानीचा पल्ला २.४ मीटर, उंची ६० सेंमी. पल्ल्याच्या निम्म्याचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, भागिले उंचीची दुप्पट: त्रिज्या बरोबर दीड मीटर येते. कमानीची लांबी २.७८ मीटर. सहा मीटरचा पाइप मधोमध कापला की दोन कमानी निघतात आणि प्रत्येक टोकाला ११ सेंमी उरतात. ते फुकट जात नाहीत, कारण तीन रोलरच्या यंत्रात टोकं तशीही सरळ राहतात. तेवढं टोक खांबाच्या सॉकेटमध्ये घाला.

इथे ताण एक टक्क्याच्या आत असल्यामुळे पाइप पिचकत नाही, जस्तही निघत नाही. चूक होते ती घाईने. मधला रोलर एकदम खाली घेतला की सुरुवातीच्या जागी कोपरा पडतो आणि तो पुढे कितीही फिरवलं तरी जात नाही. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा, प्रत्येक वेळी पाइप दोन्ही दिशांना पूर्ण नेऊन आणा. मोजायला ६०० मिमीची सरळ पट्टी कमानीच्या आतल्या बाजूला धरा. पाऊण इंची पाइपला पट्टीच्या मध्यावर फट ३० मिमी दिसली की त्रिज्या दीड मीटर झाली. २५ दिसली तर अजून फिरवा. ३५ झाली तर कमान जास्त वाकली, आणि ती मधला रोलर ढिला करून सुटत नाही. पाइप उलटा घालून हलक्या दाबाने फिरवावा लागतो. म्हणून २८ पासून पुढे पाव फेराही निम्मा करा, आणि पहिली कमान पास झाली की स्क्रूवर रंगाची खूण करा. उरलेल्या कमानींचे शेवटचे फेरे त्या खुणेवर आणून थांबवायचे.