गुऱ्हाळातून वर्गात

(दृश्य : पहाट, उसाचं शिवार)

दिवाळी होऊन गेलीय. पंचगंगेच्या काठाला धुकं अजून उसाच्या तुऱ्यांवरून हललेलं नाही. कडेकडेनं चाललेली ही तिसरी-चौथीची मुलं कोल्हापुरातल्या एका विनाअनुदानित मराठी शाळेची. दप्तरं शाळेतच ठेवलीत. हातात फक्त एक वही, आणि वहीत घरून लिहून आणलेले तीन-तीन प्रश्न.

गुऱ्हाळ आलं, हे आधी नाकाला कळतं.

(दृश्य : चुलवाण, काहील)

उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उतरतो. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं धडधडतायत. रस तापला की मळी वर यायला लागते. मग त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात. ते मळीला धरून वर आणतं, आणि झाऱ्यानं ती काढून टाकायची. पुन्हा उकळी, पुन्हा मळी. एक मुलगी फेसाचे रंग लिहून घेतेय. हिरवट. मातकट. मग नुसतं "मधासारखा".

आता गूळ करणाऱ्या गुळव्या मामांच्या हाताकडे बघा. काहिलीतला थोडा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी वळला. गोळी जमली, की काहील उतरवायचीच. थोडा उशीर झाला तर गूळ करपतो, घाई केली तर ढेप नीट बसत नाही.

"मामा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

उत्तर ऊस पिळणाऱ्या चरकाच्या आवाजात बुडालं. पण मामांनी ती कोमट गोळी विचारणाऱ्याच्या तळहातावर ठेवली.

(दृश्य : वर्ग, फळा)

दुसऱ्या दिवशीचा गणिताचा तास. १ टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ निघतो. ३० किलोचा एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, तर रवे किती? बाकी उरली, तिचं काय करायचं? यावर पंधरा मिनिटं वाद झाला. ताई, म्हणजे वर्गाच्या शिक्षिका, मध्ये पडल्या नाहीत. भागाकार इतका मन लावून करणारा वर्ग आम्ही तरी पाहिला नव्हता.

(दृश्य : शनिवार दुपार, चटईवर बसलेल्या ताई)

शनिवारी सकाळची शाळा सुटते आणि ताईंची शाळा भरते. आमच्या मते या शाळेचा जीव या बैठकीत आहे. प्रत्येकीनं आठवड्यातलं एक फसलेलं काम मांडायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आज तिसरीच्या ताई बोलतायत. वर्गात गप्प बसणारा त्यांचा एक विद्यार्थी गुऱ्हाळाच्या वाटेवर अखंड बोलत होता, कारण त्याच्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं. ताईंना हे माहीतच नव्हतं. बघा, नोंदवहीतला "बोलत नाही" हा शेरा त्या खोडतायत. वर लिहितायत, "मी विचारलं नव्हतं."

(दृश्य : जुन्या कोल्हापूरची छायाचित्रं)

शाळेसाठी झटणं या गावाला नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर (कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. त्याच्या आधीपासूनच, १९०१ पासून, इथे विद्यार्थी वसतिगृहं उभी राहात होती. मूल शाळेच्या दारापर्यंत यावं, यासाठी ती सगळी धडपड होती. दाराच्या आत त्याचं काय होतं, हा प्रश्न लीलाताई पाटील यांनी हाती घेतला आणि १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. २०२० मध्ये लीलाताई गेल्या. शनिवारच्या या चटईवर त्यांचं नाव आजही निघतं.

अनुदान नसल्यामुळे गुऱ्हाळाला गेलेल्या मुलांच्या या शाळेतले पगार फीमधूनच निघतात आणि ते तुटपुंजे आहेत. चौथीनंतर मुलं मोठ्या शाळांत जातात, पहिले काही महिने त्यांना जड जातात.

(दृश्य : व्हरांडा, भिंतीवरचा तक्ता)

हा तक्ता मुलांनी केलाय. वर लिहिलंय, "आमचे शिक्षक". त्यात ताई आहेत, चप्पल शिवून दाखवायला आलेले एकाचे बाबा आहेत, एसटीत वाहक असलेली एकीची आई आहे, ओव्या म्हणणाऱ्या आजी आहेत. आज गुळव्या मामांचं नाव घालायचंय आणि खाली जागा उरलेली नाही. दोघांनी कागद धरलाय, तिसरी मुलगी चिकटपट्टी दातानं तोडतेय.