वर्गात बातमी वाचताय? ‘तुम्हाला काय वाटतं’ जरा थांबवा!

नमस्कार मंडळी! निवडणुका आल्या की कमेंटमध्ये एकच प्रश्न: “मॅडम, वर्गात बातम्या वापरायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?” दोन पेपर शेजारी ठेवा, मथळे ताडून बघा, हे तुम्हाला माहीतच आहे, त्यात वेळ घालवत नाही. फक्त कात्रणवह्या सजवायला लावू नका हो! डिंकाचे हात धुण्यातच तास संपतो.

गाडी अडते ती पुढे. बातमी वाचून झाली रे झाली की आपण विचारतो, “काय वाटतं तुम्हाला?” मग मुलं घरी ऐकलेलं घडाघडा बोलून मोकळी होतात आणि बातमी राहते बाजूला. म्हणून आधी विचारायचं: हे कोण सांगतंय? प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहायचं. उमेदवार म्हणतोय, अधिकारी म्हणतोय, की वार्ताहराने स्वतः पाहिलंय?

माझ्या वर्गात एकदा पाणीपुरवठ्याची बातमी घेतली होती. एका मुलीच्या समासात ओळीमागून ओळ ‘अधिकारी’, ‘अधिकारी’, ‘सूत्रे’. शेवटी म्हणाली, “मॅडम, ज्यांना पाणी मिळत नाही ते यात कुणी बोललेच नाहीत.” तास तिथेच वसूल!

आता हाच प्रश्न जनमत चाचणीला लावा. कोणी घेतली? कोणाला विचारलं? १,००० जण अगदी नीट, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे निवडले तरी आकडा साधारण ३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. मग ४६ विरुद्ध ४४ला ‘स्पष्ट आघाडी’ म्हणणारा मथळा मुलांनाच दुरुस्त करायला द्या. फार खूश होतात!

आणि मोबाइलवर? तिथेही तेच, कोण सांगतंय? २०१६ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना एका संकेतस्थळाचं पान दाखवलं. त्यात ‘प्रायोजित मजकूर’ असं लिहिलेली जाहिरात होती. मिडल स्कूलच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना ती बातमीच वाटली. अशा वेळी त्याच साइटचं ‘आमच्याविषयी’ वाचत बसू नका, स्वतःबद्दल वाईट कोण लिहितं? फॅक्ट-चेकर, म्हणजे बातम्यांची खरी-खोटी तपासणी करणारे लोक, सरळ नवी टॅब उघडतात आणि बाकीचे त्या साइटबद्दल काय म्हणतात ते शोधतात.

एका दादांची कमेंट आहे, “निवडणूक वर्गात आणली की पालक भांडायला येतात.” येतात, माझ्याकडेही आलेत. पण मत कोणाला, हे विचारायचंच नाही ना! उमेदवार जे आश्वासन देतोय ते त्या पदाच्या हातात तरी आहे का, हे शोधायला लावा. कॅनडात ‘स्टुडंट व्होट’ उपक्रमात तर २००३पासून मुलं खऱ्या उमेदवारांसाठी शाळेत मतदान करतात. ती मतं खऱ्या निकालात धरत नाहीत, पण त्यासाठी आधी उमेदवारांची माहिती काढावी लागतेच.

बरं, बातमीतली एखादी ओळ ‘कोण सांगतंय’वर अडली असेल तर कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्याच घेऊ.