सील शाबूत, माल कमी

(इचलकरंजीतल्या कापड व्यापारी आणि यंत्रमागधारकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बोलायला सुरुवात करायच्या आधी दोन वस्तू पहिल्या रांगेतून फिरायला सोडतो. दोन्ही कंटेनरची बोल्ट सील आहेत. बोटाएवढा लोखंडी खिळा, वर प्लॅस्टिकचं आवरण आणि खाली नंबर कोरलेलं टोपण. खिळा टोपणात एकदा दाबला की कटरशिवाय सुटत नाही. दोन्ही बंद करूनच आणली आहेत. एक धड आहे, दुसऱ्यात खोट आहे. हातात घ्या, निरखून बघा, शेजाऱ्याकडे द्या. खोट कशात आहे ते शेवटी विचारणार आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'मालचोरी आणि पुरवठा साखळीची सुरक्षा मानकं'. मानकं सांगणारच आहे, त्यासाठीच आलोय. पण तात्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला त्या विषयात शिरताच येत नाही.

इथून जवळच्याच एका कारखान्यात मी डिस्पॅच बघत होतो. तात्या भरणीचे कारकून. हमालाच्या पाठीवरची गाठ कंटेनरच्या उंबऱ्यावर आली की वहीत एक उभी रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. दर वीस गाठींना मुकादम मोठ्यानं आकडा पुकारायचा, तात्या वहीत बघून 'बरोबर' म्हणायचे, मगच पुढची गाठ हलायची. भरणी चालू असताना कुणी चहा आणला तर तो तसाच निवून जायचा. रेघ चुकेल म्हणून तात्या कपाला हात लावत नसत.

२०१२ च्या पावसाळ्यात आमचा एक चाळीस फुटी कंटेनर स्पेनला गेला. ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड, १८० गाठी. भरणी संपली, दरवाजे लागले, माझ्यासमोर सील ठोकलं, बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, नंबर चढला, गाडी न्हावा शेवा बंदराच्या वाटेला लागली. दीड महिन्यानं तिकडून मेल आला. गाठी १५७ निघाल्या. सोबत चार फोटो आणि खाली एक ओळ: सील शाबूत, नंबर जुळतो.

तेवीस गाठी, म्हणजे दोन टनांच्या वर माल. त्या दिवशी ऑफिसात जे झालं ते तुमच्यातल्या अनेकांनी आपापल्या ऑफिसात पाहिलं असेल. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, सील शाबूत होतं साहेब, आमचा काय संबंध? बंदरावरून तेच उत्तर. विमावाल्यांनी क्लेम नाकारताना लिहिलं की सील शाबूत असताना माल कमी निघतो याचा अर्थ तो भरतानाच कमी भरला गेला. सगळ्यांची बोटं फिरून फिरून भरणीवर आली. भरणी म्हणजे तात्या.

तात्यांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी टेबलावर वही ठेवली आणि एवढंच म्हणाले, 'रेघा आहेत, मोजा.' कुणी मोजल्या नाहीत. मी तिथं उभा होतो, मीही मोजल्या नाहीत. त्या वर्षीचा दिवाळीचा बोनस त्यांचा अडवला गेला आणि दिवाळीनंतर तात्या कामावर आले नाहीत.

पुढं काही महिन्यांनी दुसऱ्याच एका कामासाठी मी कळंबोलीला गेलो. रिकाम्या कंटेनरच्या यार्डात कंटेनर तपासणारे एक वयस्कर सर्व्हेअर भेटले. बोलता बोलता मी आमची हकीकत सांगितली. ते काही बोलले नाहीत, मला एका कंटेनरच्या मागं घेऊन गेले. आता हे नीट ऐका.

कंटेनरचा उजवा दरवाजा शेवटी बंद होतो, म्हणून सील त्याच दरवाज्याच्या कडीला लागतं. दरवाज्यावर उभे दांडे असतात, दांड्याला आडवी मूठ. मूठ फिरवली की दांडा फिरतो आणि दार सुटतं. सील त्या मुठीला अडकवून ठेवतं. पण मूठ दांड्याला कशानं धरलेली असते? एका रिव्हेटनं. त्या माणसानं करंगळीच्या पेराएवढं ते रिव्हेट मला दाखवलं आणि म्हणाले, 'हे ड्रिलनं उडवायचं. सील जागेवर, मूठ सीलला लोंबकळत जागेवर, आणि दांडा मोकळा. दार उघडायचं, पाहिजे तेवढा माल काढायचा, दार लावायचं, रिव्हेटच्या जागी बोल्ट घालायचा, वर रंगाचा हात मारायचा.'

रात्री लॉजवर लॅपटॉप उघडून स्पेनचे ते चार फोटो परत काढले. तिसऱ्या फोटोत सील होतं, नंबर स्वच्छ दिसत होता. आम्ही सगळ्यांनी तो फोटो कितीदा पाहिला होता, पण प्रत्येकानं नंबरच वाचला होता. सीलच्या वीतभर वर, मुठीच्या सांध्यावर, रिव्हेटच्या गोल डोक्याच्या जागी सहा बाजूंचं बोल्टचं डोकं होतं. त्यावरचा रंग बाकीच्या दारापेक्षा गडद.

परत आल्यावर गाडीच्या टोलच्या पावत्या शोधल्या. टोलचे पैसे मालकाकडून वसूल करायचे म्हणून ड्रायव्हर पावत्या जपतो, त्या बिलाला टाचलेल्या होत्या. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर. प्रत्येकीवर वेळ छापलेली. आनेवाडी ते खेड शिवापूर हे अंतर भरलेली गाडी दीड-दोन तासांत कापते. आमच्या गाडीला सात तास लागले होते. म्हणजे पुरावा आमच्याच फायलीत टाचणी मारून पडलेला होता आणि आम्ही एका सरळ माणसाला चोर ठरवून बसलो होतो.

वही आणि फोटो घेऊन मी तात्यांच्या घरी गेलो. त्यांनी फोटो बघितला, चष्मा पुसून परत बघितला. म्हणाले, 'म्हणजे १८० च होत्या.' कामावर काही परत आले नाहीत.

आता आपल्या सगळ्यांबद्दल माझी एक तक्रार आहे, तीही बोलून टाकतो. त्या गाडीचा माग काढला तेव्हा कळलं की आम्ही काम दिलं एका ट्रान्सपोर्टरला, त्यानं दिलं दलालाला, दलालानं उचलली रस्त्यावर मोकळी उभी असलेली गाडी. बिल्टी एकाची, गाडी दुसऱ्याची, ड्रायव्हर तिसऱ्याचा. टनामागं पन्नास रुपये वाचावेत म्हणून आपण हे चालवून घेतो. आणि माल गेला की पहिला संशय ड्रायव्हरवर. काही वेळा तो सामील असतो, नाही असं मी म्हणत नाही. पण चौदा चौदा तास आपल्या गेटबाहेर ताटकळत ठेवलेला माणूस रात्री दोनला घाट चढेल की झोपेल? झोपणारच. कुठं? हायवेच्या कडेला, अंधारात, कारण दिवे, कुंपण आणि पहारेकरी असलेला तळ आपण त्याला दिलेलाच नाही. युरोपात ट्रकच्या सुरक्षित पार्किंगचा कायदेशीर दर्जा ठरवलाय, ब्राँझपासून प्लॅटिनमपर्यंत चार पायऱ्या आहेत, त्यात ड्रायव्हरच्या अंघोळीचीसुद्धा सोय धरलेली आहे. ती अंघोळ मालाच्या सुरक्षेतच मोडते, कारण जिथं सोय असते तिथंच माणूस थांबतो आणि गाडी कुठं थांबणार हे आपल्याला आधी कळतं. चालत्या गाडीतून माल उतरवणं फार अवघड. चोराला उभी गाडी लागते.

समोर बसलेल्यांपैकी किती जणांच्या गेटवर सीलचं वेगळं रजिस्टर आहे? हात वर करा. चार. त्यातले एक पंखा वाढवा म्हणून सांगतायत, म्हणजे तीन. या तिघांच्या कारखान्यात मी आपणहून चहाला येणार आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. मग आता मानकं भराभर सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, सील. आयएसओ १७७१२ हे सीलचं मानक. तीन वर्ग आहेत, आय, एस आणि एच. निर्यातीच्या कंटेनरला एच वर्गाचंच घ्या. ते साधारण एक टनाची ओढ सहन करतं आणि अंगावर एच हे अक्षर असतं. पुडकं फोडायच्या आधी ते अक्षर बघा. सीलं कुलपात ठेवा, आलेल्या आणि वापरलेल्या प्रत्येक नंबरची नोंद ठेवा. सीलं भरणी कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये उघडी पडलेली असतील तर तुमचा खर्च वाया गेला.

दुसरं, तपासणी. रिकामा कंटेनर आला की सात जागा बघायच्या: समोरची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, जमीन, छत, दारं आतून-बाहेरून आणि खालचा सांगाडा. दारं बघताना मुठीची रिव्हेटं बघा आणि प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा. अमेरिकेच्या कस्टम्सनं नोव्हेंबर २००१ मध्ये सीटीपॅट ही पुरवठा साखळीच्या सुरक्षेची योजना सुरू केली, त्यात या सात जागा आणि सील तपासायची पद्धत दोन्ही आहेत. सील नजरेनं बघायचं, नंबर कागदाशी ताडायचा, ओढून बघायचं, पिळून बघायचं. गाडी ज्याच्या ज्याच्या ताब्यात जाते त्यानं हे करून सही करायची. माझ्या मते सगळ्या मानकांचा गाभा हाच आहे. माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कुणीतरी नावानिशी बघितलेलं असलं पाहिजे. आमच्या गाडीत तात्या सोडून कुणीच बघितलं नव्हतं, म्हणून तेच सापडले.

तिसरं, आयएसओ २८०००. २००७ चं मानक, २०२२ ला सुधारलं. ते कुलूप कुठलं घ्या हे सांगत नाही, तुमच्या वाटेत धोका कुठं आहे ते शोधून त्यावर व्यवस्था बसवायला लावतं. टापा ही मालवाहतुकीच्या सुरक्षेसाठीची संघटना १९९७ ची, महागडा इलेक्ट्रॉनिक माल चोरीला जायला लागला तेव्हा उभी राहिली. तिची गोदामाची, ट्रकची आणि पार्किंगची मानकं वेगवेगळी आहेत. ट्रकच्या मानकातलं पोटकंत्राटाचं प्रकरण जरूर वाचा. तुम्ही नेमलेल्या ट्रान्सपोर्टरनं काम पुढं दिलं तरी अटी त्या तिसऱ्या गाडीलाही लागू राहिल्या पाहिजेत, हे करारात लेखी घ्या. गेटवर गाडीचा नंबर, आरसी, लायसन्स आणि ड्रायव्हरचा चेहरा जुळवल्याशिवाय गाडी भरणीला लावू नका.

चौथं, आपल्या कस्टम्सची एईओ योजना, म्हणजे भरवशाच्या व्यापाऱ्यांना मान्यता देणारी. २०११ ला सुरू झाली, २०१६ ला नव्या रूपात आली. निर्यातदारांसाठी टी-१, टी-२, टी-३ अशा पायऱ्या आहेत. टी-२ ला जागेची, मालाची आणि माणसांची सुरक्षा तपासतात. कागदपत्रं बरीच लागतात, पण बंदरावर तपासणी कमी होते, माल कमी वेळ उभा राहतो. २०१७ पासून स्वतः सील करणाऱ्या निर्यातदारांना आरएफआयडीचं, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारं, इलेक्ट्रॉनिक सील आलंय. चांगलं आहे, पण तेही त्याच मुठीला लागतं, म्हणून रिव्हेट बघायचं सुटत नाही.

पाचवं, वजन. जुलै २०१६ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं वजन जाहीर करावंच लागतं. कागदावरची वजनं बेरजेला घेऊन भागवू नका, भरलेली गाडी काट्यावर घ्या. आणि बंदराजवळ पुन्हा एकदा काटा करा. दोन चिठ्ठ्यांत दोन टनांचा फरक आला तर तिथंच कळेल, स्पेनच्या मेलची वाट बघावी लागणार नाही. फास्टॅगचे मेसेज आता गाडीमालकाच्या फोनवर येतात, ते तुमच्याकडे पाठवायची अट घाला आणि दोन नाक्यांमधला वेळ बघत जा.

शेवटचं, बिल्टी. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली, जादा जोखमीचा दर द्यायचं बिल्टीवर कबूल केलेलं नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती राहते. भाडं तीस हजार, तर मिळणार जास्तीत जास्त तीन लाख, माल चाळीस लाखांचा असला तरी. आज घरी गेल्यावर तुमची बिल्टी काढून तो रकाना बघा. बहुतेक कोराच असेल.

वेळ झाली. सीलं कुठवर पोचली? पहिल्या रांगेनं नंबर वाचले, दुसऱ्या रांगेत कुणीतरी एच आहे का बघितलं, ते मी इथून बघत होतो. दोन्हींवर एच आहे, नंबरही बरोबर आहेत. खोट्या सीलचा खिळा मधून कापून आत आटे पाडलेत, जोड आवरणाखाली झाकलाय. नुसतं बघून कळत नाही, पिळलं तरच उलगडतं.

चौथ्या रांगेतल्या ताई, तुमच्या हातात त्याचे दोन तुकडे झालेत. वर धरा जरा, मागच्यांनाही दिसू दे.