उरलेल्या जागेत बातमी

रात्रीचे साडेनऊ. जळगावातल्या एका दैनिकाचं कार्यालय. टेबलावर पसरलीय ती उद्याच्या पानाची डमी. बातमी अजून एकही लागलेली नाही, तरी पान निम्मं भरलंय. खाली सराफाची चौकट, तिला खेटून निविदा सूचना, वर साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, सतरा फोटोंसह.

रावेरचा वार्ताहर केळीच्या विम्याची बातमी घेऊन आलाय. उपसंपादक मान वर न करता म्हणतो, "बातमी शे भाऊ, पन जागा नही."

आणि जागा खरंच नसते. पंचाईत तीच आहे.

या वार्ताहराचं मानधन पेट्रोलला पुरत नाही. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. सकाळी ज्याच्याकडून शुभेच्छांची जाहिरात आणली, त्यानेच केलेल्या रस्त्यावरचे खड्डे संध्याकाळी कसे मोजणार? बंदी कुणीच घातलेली नसते.

दुसरं मोठं गिऱ्हाईक सरकार. शासनाच्या जाहिरात यादीत नाव हवं. अ, ब की क, वर्ग कुठला यावर हिशेब.

1960 साली केंद्र सरकारने पानांनुसार अंकाची किमान किंमत ठरवून दिली. मोठ्या पेपरांनी छोट्यांना गिळू नये म्हणून, असं सांगत. आमच्याकडच्या पेपरवाल्यांना ते गोडच वाटलं असतं. पण पुण्याचा 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने तो कायदाच रद्द ठरवला. किंमत वाढवायला लावली की खप घटतो. खप घटवणं म्हणजे बोलण्यावरच घाला. पुढे आणीबाणी आली, त्या 25 जून 1975च्या रात्री असला आडवळणाचा मार्गही कुणी धरला नाही. दिल्लीतल्या वृत्तपत्रांची सरळ वीज तोडली.

फिलिपिन्समध्ये 2020 साली 'एबीएस-सीबीएन' या बड्या वाहिनीला प्रक्षेपणाचा परवाना नव्याने मिळाला नाही. हाँगकाँगच्या 'ॲपल डेली' या दैनिकाची कथा तर आणखी विचित्र. जून 2021मध्ये पोलिसांनी छापा घातला, कंपनीची खाती गोठवली. 24 जूनला शेवटचा अंक निघाला, तब्बल 10 लाख प्रतींचा. लोक रात्रीच रांगा लावून उभे होते. वाचक होते, पैसाही होता. फक्त तो बँकेतून निघत नव्हता.

इकडे पहाटे छपाई संपलीय. रावेरचे गठ्ठे पहिल्या एसटीत चढतायत. केळीचा विमा लागलाय. पान सहा, 'थोडक्यात', चार ओळी.