बिल्टी कुणी फाडली?

नमस्कार श्रोतेहो. जीएसटीच्या ऑडिटमध्ये वसुली निघाली की आपले गाडीमालक एक तर नोटीस कपाटात टाकतात, नाहीतर घाबरून पैसे भरून मोकळे होतात. दोन्ही करू नका. लेखी उत्तर द्या.

आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत, कोल्हापूरकडचे. थोडा माल स्वतःच्या बिल्टीवर, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याच्या पावतीवर, नेतात आणि सीझनला दोन गाड्या एका मोठ्या ट्रान्सपोर्टकडे भाड्याने लावतात. ऑडिटवाल्यांनी बँकेत जमा झालेलं सगळं भाडं एकत्र धरलं आणि त्यावर कर लावला. पोरगा म्हणाला, "अण्णा, भरून टाकू, कटकट नको." अण्णांनी पत्र्याची पेटी उघडली. आत फेरीवार गठ्ठे, सुतळीनं बांधलेले, काही कागदांवर गुळाचे डाग. (हल्ली सगळं मोबाईलमध्ये ठेवतात आणि मोबाईल पाण्यात पडतो. माझं मत विचाराल तर पेटीच बरी.) सुनावणीला अण्णा गठ्ठे घेऊनच गेले. साहेबांनी विचारलं, "बिल्टी कुणी फाडली?" अण्णा म्हणाले, "कंपनीनं. माझी फक्त गाडी." तिथंच निम्मं काम झालं. कारण बिल्टी फाडणारी ती माल वाहतूक एजन्सी, आणि अशा एजन्सीला गाडी भाड्यानं दिली, तर त्या भाड्याला जीएसटी माफ आहे. तेवढी रक्कम मागणीतून गेली. ज्या चार फेऱ्यांचे कागद सापडले नाहीत, त्यांचा कर मात्र अण्णांना भरावा लागला. अजून कुरकुरतात.

आता नियम. ऑडिटचा निष्कर्ष एडीटी-02 नावाच्या फॉर्ममध्ये येतो. तो पटला नाही आणि डीआरसी-01 ही कर मागणारी नोटीस आली, तर डीआरसी-06 या फॉर्ममध्ये उत्तर द्यायचं. त्यातच सुनावणी हवी असं लिहायचं. लेखी मागितली, तर ती द्यावीच लागते.

तरीही आदेश विरुद्ध गेला, तर अपील. मुदत तीन महिने. पुन्हा सांगतो, आदेश मिळाल्यापासून तीन महिने. जो कर मान्य आहे तो पूर्ण आणि वादातल्या कराच्या 10 टक्के रक्कम आधी भरायची. ती भरली की उरलेली वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबते. नाही भरली, तर बँक खात्यालाही हात लागू शकतो.

आणि नोटीस पोस्टानं येईल म्हणून वाट बघू नका. ती जीएसटीच्या पोर्टलवर टाकली तरी पोचली असं धरतात. पासवर्ड एकट्या अकाउंटंटकडे असेल, तर आजच मागून घ्या.